शितावरून हृदयाची परीक्षा

रॅटच्या पोटाची कातडी पातळ असते. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये ते पोट अलगद धरलं आणि क्षणभर थांबलं, की आत काहीतरी टपटप आपटताना बोटाला लागतं. ते त्याचं स्वतःचं हृदय नव्हे. ते छातीत, आपल्या जागी, आपलं काम करतंय. पोटात धडधडणारं हृदय दुसऱ्या रॅटचं आहे, चार दिवसांपूर्वी शिवून बसवलेलं.

हृदय-प्रत्यारोपणाच्या संशोधनात ही बोटाची तपासणी अनेक दशकं चालत आली आहे. रोज पोट चाचपायचं आणि ठोक्याला गुण द्यायचे. जोरदार असेल तर चार, मंदावला तर तीन किंवा दोन, नुसती थरथर उरली तर एक. काहीच लागलं नाही की शून्य. शून्य म्हणजे शरीराने ते हृदय नाकारलं. डॉक्टर आणि पेशंटचे नातेवाईक सगळेच याला ‘रिजेक्शन’ म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.

अडचण अशी, की बोटाला फरक कळेपर्यंत आतलं बरंचसं संपलेलं असतं. हृदय हा फार चिवट स्नायू आहे. त्याच्यावर हल्ला सुरू झाल्यावरही तो कितीतरी वेळ ठोके देत राहतो. म्हणून ‘धडधडतंय, म्हणजे ठीक आहे’ हे मानणं धोक्याचं. माणसात तर हे आणखी कठीण, कारण हृदय काढताना त्याचे मज्जातंतू तुटतात आणि नव्या शरीरात ते लगेच जुळत नाहीत. पेशंटच्या छातीत दुखतही नाही. थकवा, सूज, धाप ही लक्षणं दिसू लागतात तोवर उशीर झालेला असू शकतो. ठोका बदलण्याआधीची खूण शोधायची, तर ती कुठे शोधायची, हा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

आधी आत काय चालतं ते बघू. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात, ओळखपत्रासारखी. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी शरीरभर फिरत ही ओळखपत्रं तपासतात. परक्या हृदयाची ओळखपत्रं वेगळी, म्हणून टी पेशी चेकाळतात, वाढतात आणि रासायनिक हाका मारून इतरांना बोलावतात. त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज येतात, म्हणजे गिळंकृत करणाऱ्या भक्षक पेशी. हृदयाच्या स्नायूत या पेशींची गर्दी होते, सूज येते, मग स्नायूच्या पेशी मरू लागतात. गर्दी आधी आणि मरण नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. गर्दीच्या टप्प्यावर लक्षात आलं तर औषधांचा डोस वाढवून हृदय वाचवता येतं. मेलेला स्नायू मात्र परत येत नाही.

आता प्रश्न पडेल, रॅटचं हृदय पोटात का बसवायचं? कारण तिथे ते बंद पडलं तरी प्राणी मरत नाही. त्याचं स्वतःचं हृदय शाबूत असतं, त्यामुळे रिजेक्शन पहिल्यापासून शेवटपर्यंत बघता येतं. १९६९ मध्ये ओनो आणि लिंड्सी यांनी रॅटसाठी जी पद्धत बसवली, ती आजही वापरात आहे. दात्याच्या हृदयाची महाधमनी घेणाऱ्याच्या पोटातल्या महाधमनीला जोडायची आणि फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी पोटातल्या मोठ्या शिरेला. मग रक्त महाधमनीतून उलटं, हृदयाच्या दिशेने येतं. झडप बंद असल्यामुळे आत शिरत नाही, तर हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांमध्ये वळतं, स्नायूला पोसतं आणि उजव्या कप्प्यातून शिरेत निघून जातं. डावा कप्पा जवळजवळ रिकामाच धडधडत राहतो. सगळं हृदय जेमतेम एक ग्रॅमचं, आणि टाके घालायचे सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक धाग्याने. १९७३ मध्ये कोरी, विन आणि रसेल यांनी हेच छोट्या उंदरात करून दाखवलं. ते हृदय तर त्याहूनही कितीतरी लहान. हे हात ज्यांनी कमावले, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या प्रयोगांची दुसरी खुबी म्हणजे प्राण्यांची शुद्ध जात. वीस किंवा अधिक पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचं प्रजनन करून अशा जाती तयार करतात, की एका जातीतले सगळे रॅट जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे असतात. ब्राउन नॉर्वे जातीचं हृदय लुईस जातीच्या रॅटला दिलं, तर औषधाशिवाय साधारण आठवडाभरात ते नाकारलं जातं. लुईसचं हृदय लुईसला दिलं, तर ते नाकारलं जात नाही. ही दुसरी जोडी फार कामाची. शस्त्रक्रियेची इजा, टाक्यांची सूज, रक्ताविना गेलेली ती काही मिनिटं हे सगळं दोन्हीकडे सारखंच. फरक फक्त रिजेक्शनचा. एखादी नवी तपासणी दोन्ही गटांत सारखाच धोका दाखवत असेल, तर ती रिजेक्शन दाखवत नाही, नुसती जखम दाखवते.

हा शोध मात्र उंदरांपासून नाही, कुत्र्यांपासून सुरू झाला. १९०५ मध्ये शिकागोत अलेक्सिस कॅरेल आणि चार्ल्स गथ्री यांनी एका पिल्लाचं हृदय मोठ्या कुत्र्याच्या मानेत बसवलं आणि ते सुमारे दोन तास धडधडलं. तिथे अडथळा टाक्यांचा आणि रक्त गोठण्याचा होता. १९३३ मध्ये मेयो क्लिनिकच्या फ्रँक मान यांनी टाके नीट जमवले, तरीही हृदयं काही दिवसांत बंद पडत राहिली. त्यांनी ती कापून पाहिली तेव्हा स्नायूत पांढऱ्या पेशींचे लोंढे घुसलेले होते. दोष शिवणकामाचा नाही, शरीराच्याच कुठल्यातरी जैविक घटकाचा आहे, असं मान यांनी नोंदवलं. प्रतिकारशक्तीचं शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होतं. या घटकाचा उलगडा व्हायला पीटर मेडावार यांचे १९४०च्या दशकातले सशांच्या त्वचारोपणाचे प्रयोग यावे लागले.

पहिली खरी आगाऊ सूचना मिळाली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर कुत्र्यांमध्ये हृदय छातीतच, मूळ जागी बसवत होते. १९६०च्या आसपास त्यांचे कुत्रे काही दिवस ते तीन आठवडे जगत. रोजच्या ईसीजीकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं, की हृदय बंद पडण्याच्या काही दिवस आधी ईसीजीतल्या उंच टोकांची उंची कमी होऊ लागते. स्नायूत सूज आली की विजेचा संकेत क्षीण होतो, हे त्यामागचं साधं कारण. मग त्यांनी ठरवलं, औषध सतत जोरात द्यायचं नाही. टोकं खाली येऊ लागली की डोस वाढवायचा, पुन्हा वर आली की कमी करायचा. या एका युक्तीने कुत्रे आठवड्यांऐवजी महिने जगू लागले. मला या कहाणीतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. औषध तेच होतं, नवं काही सापडलं नव्हतं. फक्त ते कधी द्यायचं हे कळलं.

माणसांवरच्या शस्त्रक्रियांनी मग जगाला वेड लावलं. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांचे पेशंट लुई वॉशकान्स्की १८ दिवस जगले आणि न्यूमोनियाने गेले. रिजेक्शन दाबायला दिलेल्या औषधांनी शरीर इतकं दुबळं होतं, की साधा जंतूही पुरतो. आपल्याकडे १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय-प्रत्यारोपण केलं. त्यामागे त्यांच्या चमूने प्रयोगशाळेत कुत्र्यांवर केलेला सराव होता. पेशंट काही तासांतच दगावला, त्यामुळे रिजेक्शनपर्यंत गोष्ट गेलीच नाही. पण परळमधल्या महापालिकेच्या पगारावरच्या डॉक्टरांनी, जगात कुठेच या शस्त्रक्रियेची घडी बसलेली नसताना, हे करायचं धाडस केलं, याची आठवण मराठी माणसाने ठेवायला हवी. १९६८ या एका वर्षात जगभर शंभरावर प्रत्यारोपणं झाली. बहुतेक पेशंट वाचले नाहीत, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुसंख्य रुग्णालयांनी हे काम थांबवलं. शमवे थांबले नाहीत. त्यांच्याकडे कुत्र्यांनी शिकवलेली शिस्त होती.

त्याच स्टॅनफर्डमध्ये १९७३ च्या सुमारास फिलिप केव्ह्ज यांनी बायॉप्सी आणली. जपानमध्ये सकाकिबारा आणि कोन्नो यांनी १९६२ मध्ये हृदयाचा तुकडा काढायचा चिमटा बनवला होता. केव्ह्ज यांनी तो सुधारला, आधी कुत्र्यांच्या प्रत्यारोपित हृदयांवर वापरून पाहिला आणि मग माणसांकडे वळले. मानेतल्या शिरेतून एक लांब, लवचीक तार आत सरकवायची. तिच्या टोकाला इवलासा जबडा. ती उजव्या कप्प्यात पोचली की भिंतीला टेकवायची, जबडा मिटायचा आणि एक-दोन मिलिमीटरचा तुकडा तोडून बाहेर आणायचा. असे चार-पाच तुकडे. मार्गारेट बिलिंगहॅम या पॅथॉलॉजिस्टने ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून किती पेशी घुसल्यात, स्नायू मरतोय का, याची प्रतवारी बसवली. आजची जगभरची प्रतवारी त्याच कामावर उभी आहे. पुढे १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन दाबणारं औषध आलं आणि पेशंट खूपच जास्त जगू लागले. पण या औषधाने सुरुवातीची सूज दबते, त्यामुळे ईसीजीची ती जुनी खूण फसवी ठरू लागली. बायॉप्सीवरचा भार आणखी वाढला.

ग्रीन कॉरिडॉर करून हृदय एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेल्याची बातमी आपण वाचतो. पुढचं वर्षभर काय चालतं ते बातमीत येत नाही. पहिल्या महिन्यात साधारण दर आठवड्याला, मग अंतर वाढवत, पेशंटला पुन्हा पुन्हा त्या टेबलावर झोपवून मानेतून तार घालावी लागते. बहुतेक वेळा सगळं सुरळीत होतं. क्वचित झडपेला इजा होते, क्वचित भिंतीला भोक पडतं. आणि एवढं सोसून हाती काय येतं? चार-पाच शितं.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. आजी पळीच्या टोकावर एक शीत घेते, दोन बोटांत चेपते आणि गॅस बंद करते. तिचं सहसा चुकत नाही, कारण पातेल्यातला भात साधारण सारखाच शिजतो. हृदयातलं रिजेक्शन तसं शिजत नाही. ते ठिगळाठिगळांनी येतं. एका जागी पेशींची दाटी, बोटभर अंतरावर सगळं स्वच्छ. चिमटा स्वच्छ जागी लागला तर अहवाल चांगला येतो आणि पेशंट घरी जातो. शिवाय चिमटा पोचतो तो फक्त उजव्या कप्प्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे दर वेळी पातेल्याच्या त्याच कडेचं शीत.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चिएन हो यांच्या गटाने ठरवलं, की तुकडा काढायचाच नाही. सगळं हृदय बघायचं, आणि स्नायू नव्हे तर हल्लेखोर बघायचे. त्यांचं मुख्य काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. एमआरआयला पांढऱ्या पेशी एरवी दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर लोखंडाची खूण करायची. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण रॅटच्या शिरेत टोचले. मॅक्रोफेजचं कामच मुळी परकं दिसेल ते गिळायचं, त्यामुळे रक्तात फिरणाऱ्या या पेशी ते कण आपणहून खातात. पेशी बाहेर काढायला नकोत, बाटलीत रंगवायला नकोत. मग ज्या पेशी हृदयाकडे धाव घेतात, त्या पोटात लोखंड घेऊनच जातात.

एमआरआय म्हणजे प्रचंड चुंबक. लोखंडाचा कण आपल्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतो आणि तेवढ्या भागातून संकेत येत नाही. चित्रात काळा ठिपका उमटतो. गंमत अशी, की हा ठिपका कणापेक्षा कितीतरी पट मोठा असतो. पाण्यात पडलेला खडा दिसला नाही तरी त्याचे तरंग लांबून दिसतात, तसं. या गटाने आधी नॅनोमीटरच्या मापाचे कण वापरले, मग साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सत्तराव्या भागाएवढे. मोठ्या कणात लोखंड इतकं जास्त, की एकेकट्या पेशीचा ठिपकाही ओळखता येऊ लागला. धडधडणाऱ्या हृदयात, जिवंत प्राण्यात, एक पेशी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन पुन्हा वाचलं होतं.

त्यांनी आणखी एक काळजी घेतली. पोटातलं हृदय रिकामं धडधडतं हे वर आलंच. असं बिनकामाचं हृदय हळूहळू झिजतं आणि त्याच्या हालचालीवरून काही ठरवणं अवघड होतं. म्हणून त्यांनी हृदयाबरोबर दात्याचं फुप्फुसही जोडलं, जेणेकरून डाव्या कप्प्यात रक्त येईल आणि तो खरंच ते ढकलेल. त्यामुळे पेशी कुठे जमल्यात आणि भिंतीचा कोणता भाग कमी आकुंचन पावतोय, हे दोन्ही एकाच हृदयात पाहता आलं.

चित्रांत जे दिसलं त्याने चिमट्याचा दोष उघडा पडला. काळे ठिपके सगळीकडे सारखे नव्हते, ठिगळांनीच होते. आणि ते बाहेरून आत जात होते. हृदयाच्या बाहेरच्या आवरणाजवळ आधी, मग स्नायूच्या मधल्या थरात आणि शेवटी आतल्या पृष्ठभागाकडे. बायॉप्सीचा चिमटा आतून लागतो. रॅटमधला हा क्रम माणसात तंतोतंत तसाच असेल असं गृहीत धरायचं कारण नाही. तरी, आपण ज्या बाजूचं शीत चेपतोय ती बाजू शेवटी शिजत असेल, ही शंका त्या चित्रांनी पुराव्यानिशी समोर ठेवली.

प्राण्यांबद्दल इथेच बोलायला हवं, कारण मला ते टाळता येत नाही. या वाटेवर हजारो जीव गेले आहेत. पूर्वी रिजेक्शनचा रोजचा आलेख हवा असेल तर दर दिवसासाठी वेगळे रॅट लागत. तिसऱ्या दिवसाचे काही मारायचे, चौथ्या दिवसाचे आणखी काही, आणि हृदयं कापून बघायची. एमआरआयमध्ये तोच रॅट भूल देऊन तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी पुन्हा पुन्हा पाहता येतो. त्यामुळे कमी प्राणी लागतात, आणि माहितीही जास्त पक्की मिळते, कारण तुलना त्याच हृदयाची त्याच्याशीच होते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं, म्हणजे शक्य तिथे पर्याय वापरा, संख्या घटवा, यातना कमी करा, ही आज जगभर मानली जातात. भारतातही प्राण्यांवरच्या प्रयोगांना समितीची परवानगी लागते. तरीही तो प्राणी स्वतःहून आलेला नसतो. हे विसरून या विषयावर लिहू नये असं मला वाटतं.

मग हे माणसात सरसकट का आलं नाही? ते एक मायक्रॉनचे कण पॉलिमरच्या कवचातले, शरीरात न विरघळणारे. रॅटमध्ये चालतात, पण पेशंटच्या शरीरात कायमचे सोडता येत नाहीत. विरघळणारे नॅनो कण चालू शकतात, पण त्यांचा ठिपका फिकट. शिवाय माणसाचं हृदय रॅटच्या हृदयाच्या शेकडो पट मोठं, त्यात एकेक पेशी टिपण्याइतका बारकावा आणणं कठीण. आणि मॅक्रोफेज फक्त रिजेक्शनलाच धावत नाहीत, जंतुसंसर्गालाही धावतात. काळा ठिपका दिसला म्हणून डोस वाढवावा आणि आत संसर्ग असावा, तर वाचवायला गेलेलं औषधच घात करेल.

दुसरी वाट रक्तातून जाते. नव्या हृदयाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे पेशंटच्या रक्तात येतात. ते दात्याचे असल्यामुळे वेगळे ओळखता येतात. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन क्वेक यांच्या गटाने २०११ मध्ये हृदय-प्रत्यारोपणाच्या पेशंटांत हे दाखवलं आणि आता काही देशांत ही तपासणी बायॉप्सीची संख्या कमी करायला वापरतात. हातातून रक्त काढलं की झालं. मात्र ही खूण उमटते ती पेशी मरू लागल्यावर, आणि हृदयाच्या कुठल्या भागात इजा होतेय हे ती सांगत नाही.

डुकराचं हृदय माणसाला देण्याच्या प्रयत्नांत हा प्रश्न आता पुन्हा पहिल्यापासून उभा राहिला आहे. बबून माकडांच्या पोटात बसवलेली, जनुकं बदललेल्या डुकरांची हृदयं योग्य औषधांखाली कितीतरी महिने टिकल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातलं एक तर ९४५ दिवस, म्हणजे दोन वर्षांहून अधिक. ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात डेव्हिड बेनेट यांना दहा जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय बसवलं. ३४व्या दिवशीच्या बायॉप्सीत रिजेक्शनची खूण नव्हती. ४९व्या दिवशी हृदयाच्या भिंती एकाएकी जाड आणि ताठर झाल्या. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या तुकड्यांत केशवाहिन्यांची हानी दिसली, पण ती नेहमीच्या रिजेक्शनसारखी नव्हती. ६०व्या दिवशी जीवरक्षक उपचार थांबवले. शवविच्छेदनात त्या हृदयाचं वजन जवळजवळ दुप्पट झालेलं आढळलं. डुकरात आढळणाऱ्या एका विषाणूचा डीएनएही बेनेट यांच्या रक्तात सापडला होता. शस्त्रक्रियेआधी ते डुक्कर या विषाणूसाठी तपासलेलं होतं. नाकातून घेतलेल्या स्वॅबमध्ये तो आला नव्हता. तो त्याच्या प्लीहेत होता.